'सासूबाई'च्या तारेवरची फीत

जरा सावकाश जवळ या. कुणी झपकन आलं की तेवढ्या वाऱ्यानंही मी हलते, आणि मी हलले की मलाच धडकी भरते, आता काय झालं म्हणून. स्वभावच तसा आहे माझा, त्याला इलाज नाही.

मी एक फीत बोलतेय. कॅसेटमधली. तपकिरी, गवताच्या पात्याएवढी रुंद, वीतभर लांब. मॉन्टेव्हिडिओच्या बुसेओ बंदरात दोन माणसांची एक छोटी शिडाची होडी आहे, तिच्या तारेला मला गाठ मारून बांधलंय. डोलकाठी ताठ उभी राहावी म्हणून तिला दोन्ही अंगांनी तारा ओढून बांधतात ना, त्यातल्या डाव्या तारेवर मी. उजव्या तारेवर माझी बहीण, त्याच कॅसेटमधून कापलेली. ती शांत आहे. तिच्या वाट्याला दोन गाण्यांमधली रिकामी जागा आली असावी. माझ्या वाट्याला ढोल आले असणार.

होडीचं नाव 'ला सुएग्रा', म्हणजे सासूबाई. ते विल्मारने ठेवलं. "हिचं कशानं समाधान होत नाही," तो म्हणतो, "आणि आपली चूक चारचौघांत दाखवल्याशिवाय ही राहत नाही." त्याची खरी सासू होडीच्या बारशाला हजर होती. होडीच्या नाकावर वाइनची बाटली फोडायचा मान तिलाच दिला होता, आणि तिनं ती जरा जास्तच मनापासून फोडली. तिथला टवका अजून दिसतो.

मी जन्मले तेव्हा कोरी होते. विल्मार तेव्हा पंचविशीत होता, शहरातली बस चालवायचा. एका फेब्रुवारीत कार्निवलच्या रंगमंचासमोर उभं राहून त्यानं आपल्या गल्लीतल्या मंडळींची गाणी माझ्यावर भरून घेतली. मग कितीतरी वर्षं मी त्याच्या बायकोच्या, निबियाच्या, स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डरमध्ये फिरले. निबिया कणीक मळता मळता माझ्याबरोबर गायची, सूर सोडून. फार सुखाचे दिवस होते ते. ठरलेलं गाणं ठरलेल्या जागी म्हणायचं आणि गोल फिरायचं. पुढे काय होणार ही काळजी नाही, कारण पुढचं सगळं माझ्याच अंगावर लिहिलेलं होतं.

मग टेपरेकॉर्डरने मान टाकली. दुरुस्त करणारेही संपले. मी एका खणात जाऊन पडले, जुन्या किल्ल्या आणि बाटल्यांची बुचं यांच्या शेजारी. तिथे किती काळ गेला सांगता येत नाही. एक दिवस विल्मारने मला बाहेर काढलं आणि कात्री उघडली.

"काय करतोयस?" निबियाने विचारलं. "आपलं गाणं आहे ते."

"गाणं तुला पाठ आहे," विल्मार म्हणाला. "हिला आता कामाला लावतो."

तेव्हापासून मी तारेवर आहे. लोकरीचा धागा भिजला की जड होतो, रेशीम चिकटतं. आमच्यासारखी जुनी फीत मात्र पाणी झटकून टाकते आणि डास उडाला तरी हलते. वारा कुठून येतोय, किती येतोय, वळतोय का, हे शिडाला कळायच्या आधी मला कळतं. सुकाणूवरचा माणूस दर दोन श्वासांनी माझ्याकडे बघतो. थरथरणं एवढंच माझं काम. तुमच्यात थरथरणाऱ्याला भित्रा म्हणतात, इथे मात्र माझ्या भित्रेपणावर होडी चालते.

सुकाणूवर असते ऐनारा, विल्मारची मुलगी. शाळेत भूगोल शिकवते. तिच्यापुढे, शिडाच्या दोऱ्या सांभाळायला आणि होडी कलंडू नये म्हणून बाहेर झुकून लोंबायला, तेव्हा स्वतः विल्मार असायचा. साठी जवळ आलेली, उजवा गुडघा कामातून गेलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, खेळ संपले की शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर होडीत पाय ठेवायचा नाही.

खेळ म्हणजे अख्ख्या खंडाचे खेळ. धावणं, पोहणं, कुस्ती, सगळं त्यात येतं, आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतीही. विल्मार तरुणपणी त्यात दोनदा उतरला होता आणि दोन्ही वेळा चौथा आला होता. पदकं असतात तीन. क्लबात त्याचं नावच पडलं, चौथा. "चौथ्या, ये बस." "चौथ्या, तुझ्यासाठी चौथी खुर्ची ठेवलीय." तोही हसायचा, "माझ्यामुळेच तर तिघांची किंमत वाढते," म्हणायचा. पण घरी गेल्यावर तो हसत नसे. ऐनारा लहानपणापासून ते बघत आली होती.

त्या वर्षीचे खेळ आमच्याच शहरात भरले. ऐनाराने बापाला गुडघ्यासकट होडीत बसवलं ते एकाच हट्टापायी. बाबांच्या गळ्यात पदक पडायला हवं. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण रोज होडी बांधताना ती माझी गाठ तपासायची आणि पुटपुटायची, "ह्या वेळी हं. ह्या वेळी." हिनं सगळा भार माझ्यावर का टाकावा?

शेवटच्या दिवसापर्यंत आम्ही तिसरे होतो. पहिले दोन फार पुढे, त्यांचं ठरल्यातच जमा होतं. आमच्या मागे, अगदी पाठीला पाठ लावून, समुद्राला मिळणाऱ्या आमच्या रुंद, खारट नदीपलीकडचा, अर्जेंटिनाचा फाकुंडो आणि त्याची बायको. एकच शर्यत उरली होती. त्या दोघांनी आम्हाला मागे टाकलं तर तिसरा नंबर त्यांचा, नाहीतर आमचा. इतकं सोपं गणित, आणि इतकं वाईट.

त्या दिवशी सकाळपासून वारा नव्हता.

नदी तपकिरी आणि सपाट, परातीत ओतून ठेवल्यासारखी. पंचांच्या बोटीवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा चढलेला, म्हणजे थांबा. सगळ्या होड्या जागच्या जागी गोल फिरत होत्या. किनाऱ्याच्या रस्त्यावर अर्धं शहर येऊन उभं होतं, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात 'माते'चा, म्हणजे इथल्या कडवट पानांच्या चहाचा, पेला. आमच्या माणसांचं ते असंच. घर जळत असलं तरी आधी पाणी गरम करतील.

नियम असा होता की तीन वाजेपर्यंत शर्यत सुरू झाली नाही तर ती रद्द. आणि रद्द झाली तर कालचे नंबर कायम.

आता माझी अवस्था बघा. सगळा जन्म वाऱ्याची वाट बघण्यात गेला, आणि त्या दिवशी मी देव पाण्यात ठेवून बसले की वारा येऊ नये. मला हलायचंच नव्हतं. मी श्वास रोखून लोंबत होते. पण मन चिंती ते वैरी न चिंती, मला उगाचच भास होत होते. आत्ता टोक हललं का? नाही, लाट होती. आत्ता? नाही, ऐनारा शिंकली.

होडीतली दोघंही तेच मागत होती, आणि दोघंही ते बोलत नव्हती. खलाशाने वारा नको म्हणणं म्हणजे शेतकऱ्याने पाऊस नको म्हणण्यासारखं आहे. तोंडातून काढायची लाज वाटते.

फाकुंडोची होडी हळूहळू वाहत आमच्याजवळ आली. "काय विल्मार," तो म्हणाला, "नवस बोललास की काय, वारा येऊ नकोस म्हणून?"

"मी कशाला बोलू," विल्मार म्हणाला. "तो तुझं तोंड बघून अर्ध्या वाटेतून परत गेला असेल."

"म्हातारा झालास, पण जीभ काही गंजली नाही तुझी."

"जिभेला गुडघा नसतो."

ऐनारा हसली. मग तिनं थर्मास उघडला, मातेच्या पेल्यात पाणी ओतलं आणि बापाकडे दिला. त्यानं रिकामा करून परत दिला. तिनं भरून पुन्हा दिला. त्यानं दुसरा संपवला आणि म्हणाला, "आभार."

आमच्याकडे माते पिताना आभार मानले की त्याचा अर्थ, आता पुरे. विल्मार कधी दुसऱ्या पेल्यावर थांबत नाही. तो थर्मास उलटा करून झटकणारा माणूस. ऐनाराने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पेला मुकाट्याने बाजूला ठेवला. तिला कळलं होतं, बापाच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नाहीये.

पण खाणं मात्र उतरत होतं, कसं ते देव जाणे. निबियाने सकाळी कागदी पिशवीत बिस्कोचो भरून दिले होते. चरबी घालून केलेले, खारे, पापुद्रे सुटणारे. पिशवीचा कागद तळाशी तुपकट होऊन आरपार दिसायला लागला होता. विल्मार एकामागून एक खात होता. भूक नव्हती त्याला, हातांना काम हवं होतं. एकदा तर त्याचा हात आपोआप डोलकाठीवर गेला आणि नखाने ती खाजवायला लागला. डोलकाठी खाजवली की वारा येतो, असं आमचे खलाशी मानतात. वारा पडला की चाळीस वर्षं तो हेच करत आला होता.

"बाबा," ऐनारा म्हणाली.

त्यानं हात चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

दोन वाजून गेले. किनाऱ्यावर कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं होतं, जणू झालंच. माझाही जीव जरा खाली बसला. मी मनातल्या मनात पदक कसं दिसतं याचा विचार करू लागले.

आणि तेव्हा तो आला.

दक्षिणेकडून, अगदी बारीक. कुणी कानाशी उसासा टाकावा तेवढा. शिडाला पत्ताही नव्हता. माझं टोक उचललं गेलं, खाली पडलं, पुन्हा उचललं गेलं. मी काय करणार? मला थांबवता येत नाही स्वतःला. रडू आलं असतं तर रडले असते.

विल्मारने ते पाहिलं. त्यानं मान वळवून ऐनाराकडे बघितलं, ती दुसरीकडे बघत होती. मग त्यानं सहज आधारासाठी तार धरावी तसा हात वर केला आणि मला अंगठ्याखाली दाबलं. जोरात नाही. झोपेत दचकणाऱ्या बाळाच्या छातीवर हात ठेवतात तसं. त्याचा अंगठा गरम होता आणि बिस्कोचोच्या चरबीने माखलेला होता.

मी ऐनाराकडे बघत होते. ती दुसरीकडे बघत होती ना, ती दक्षिणेला बघत होती. तिथे पाण्यावर एक काळपट पट्टा सरकत येत होता. वारा येताना पाणी तसंच दिसतं, भूगोलाच्या बाईंना ते माझ्याशिवायही कळतं. तिनं तो पट्टा नीट बघितला. मग बापाच्या हाताकडे बघितलं. मग खाली वाकून, आधीच घट्ट असलेली एक गाठ ती पुन्हा घट्ट करत बसली.

विल्मारने मला धरून ठेवलेलं, ऐनारा गाठीशी झटापट करतेय, आणि मी त्या चिकट अंगठ्याखाली तडफडतेय. मला वाटलं, असंच राहू दे. तीन वाजू दे.

पंचांच्या बोटीचा भोंगा वाजला. पट्ट्यापट्ट्यांचा झेंडा सर्रकन खाली आला. तीनला अजून दहा मिनिटं होती.

"चला," विल्मार म्हणाला आणि त्यानं मला सोडलं.

शर्यत कशी झाली ते मी थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून माझं अंग आखडतं. सुरुवात झकास झाली. वारा हलका, आमची सासूबाई हलक्या वाऱ्यात खूश. उजव्या अंगाने वारा होता तोवर माझी बहीण काम करत होती. वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाची फीत खरी, दुसरी शिडाच्या आडोशाला काहीबाही सांगते. एक फेरी संपली, दुसरी संपली, फाकुंडो सारखा मागेच. विल्मार गुडघा दाबत होडीबाहेर झुकत होता, ओठ आवळून. किनाऱ्यावरून आरडाओरडा ऐकू येत होता.

शेवटचा पल्ला वाऱ्याच्या तोंडावर. आम्ही डावीकडचा वारा घेऊन निघालो, फाकुंडो दुसऱ्या बाजूने. आता पाळी माझी होती. आणि वारा पुन्हा बारीक होत चालला होता.

ऐनाराने माझ्याकडे बघितलं.

मी तारेला चिकटले होते. आधी मलाही कळलं नाही. माझं अंग चरबीने माखलेलं, तार खाऱ्या शिंतोड्यांनी ओली, आणि जोर लावून सोडवायला वाऱ्यात दम नव्हता. मी जीव खाऊन ओढ घेतली. टोकसुद्धा सुटेना. तेवढ्यात वारा वळला. मला स्पष्ट कळलं, तो पुढच्या बाजूला सरकला, आत्ता, ह्या घडीला होडी फिरवायला हवी. मला ओरडायचं होतं. जन्मात पहिल्यांदा मला थरथरायचं होतं, आणि मी ढिम्म.

"वारा पडला, बाबा," ऐनारा माझ्याकडे बघत म्हणाली. "हलू नकोस. थांबू या."

"थांब," विल्मार म्हणाला. तो तोंड पाण्याकडे करून झुकला होता, त्याला मी दिसत नव्हते.

शिडाला कळलं तेव्हा ते फडफडलं, पण उशीर झाला होता. पलीकडे फाकुंडोच्या तारेवरची लाल लोकर वेळेत हलली होती. तो फिरला आणि आमच्या नाकासमोरून गेला. मग आम्ही फिरलो, पाठलाग केला, सासूबाईने शर्थ केली. आम्ही होडीभर अंतराने मागे राहिलो. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि विल्मार तिसऱ्यांदा चौथा आला.

किनाऱ्यावर लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. फाकुंडोने पाण्यात उडी मारून येऊन विल्मारला मिठी मारली आणि एकही टोमणा मारला नाही. तेच विल्मारला जास्त लागलं, मला त्याच्या तोंडावरून दिसलं.

संध्याकाळी बक्षीस समारंभाची गाणी वाजत होती आणि विल्मार क्लबाच्या अंगणात होडी धूत होता. नळी शिडावरून, डोलकाठीवरून फिरवत तो माझ्यापाशी आला. मी अजून तारेला चिकटलेलीच होते. त्यानं नखाने मला सोडवलं, दोन बोटांत चोळलं, बोटं नाकाशी नेली. मग नळी तशीच वाहती ठेवून तो जमिनीवर बसला.

ऐनारा त्याला शोधत आली. तिनं नळ बंद केला आणि त्याच्या शेजारी बसली.

"फीत चिकटली होती," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या हातानं. बिस्कोचोच्या हातानं धरली होती मी तिला."

"माहितीये. पाहिलं मी."

त्यानं मान वर केली. "पाहिलंस? मग हात काढ म्हणाली का नाहीस?"

"तू मला वारा दिसू नये म्हणून धरली होतीस ना," ती म्हणाली. "पण मला आधीच दिसला होता, पाण्यावर. मला वाटलं, राहू दे. जेवढा वेळ तुला वाटतंय की आपण तिसरे आहोत, तेवढा वेळ वाटू दे."

विल्मारने ती बोटं विजारीला पुसली. "मला वाटलं होतं, तू जरा निवांत राहावंस," तो म्हणाला. "पोरीचा जीव किती वेळ टांगून ठेवायचा."

"बाबा, तू घाबरला होतास?"

"फार. बस चालवतानासुद्धा घाबरायचो मी, पावसाळी दिवसात. मागे सत्तर माणसं बसलेली."

"मला वाटायचं तू कशालाच घाबरत नाहीस. म्हणून मी माझं सांगितलं नाही."

"आणि मला वाटलं, बाप घाबरलाय हे कळलं तर तुझे हात कापतील."

"कापतच होते की," ऐनारा म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "सांगायचं होतंस रे. दोघं मिळून घाबरलो असतो."

त्यानं तिला जवळ घेतलं. दोघं रडली, मग कशावरून तरी हसली. मी तारेवर ओली लोंबत सगळं ऐकत होते. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटत होतं. ह्या घरात इतकी वर्षं फक्त मीच घाबरट आहे असा माझा समज होता.

विल्मारच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता तो काठी घेऊन धक्क्यावर बसतो. ऐनाराबरोबर एक दुसरा जोडीदार असतो, चांगला आहे, हात स्वच्छ पुसून होडीत चढतो. मी म्हातारी झालेय. माझा रंग उडालाय, तपकिरी भुकटी झडते, गाठीपाशी एक बारीक चीर गेलीय. एखाद्या दिवशी मोठ्या वाऱ्यात मी तुटून नदीत जाईन. त्याचीही मला काळजी वाटते, पण ती माझी मी वाहीन.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल, जरा काही झालं की थरथरणारं. त्याला मायेनं का होईना, अंगठ्याखाली दाबू नका. ते काय सांगतंय ते बघा, आणि तुम्हालाही तेच वाटत असेल तर तोंडाने बोला.

आज पुन्हा शर्यत आहे, क्लबातलीच, लहानशी. दक्षिणेकडून वारा वाढतोय, पाणी काळपट होतंय. होडी धक्का सोडून निघालीय. विल्मार काठीवर रेलून उभा राहिलाय.

"ऐनारा," तो हाक मारतो, "घाबरलीयेस का?"

"हो," ती तिथूनच म्हणते. "तू?"

"मीपण. जा आता."